सही आपली, जबाबदारी आपली

(महाविद्यालयांतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जबाबदार वापराविषयी पांढुर्णा व सौंसर परिसरातील विद्यार्थी, प्राध्यापक, शासकीय कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रसिद्धीच्या कामात आयुष्याची बरीच वर्षे घालविलेल्या माणसाला दुसऱ्यांची भाषणे लिहिण्याची सवय असते. स्वतः भाषण करण्याचा प्रसंग क्वचितच येतो. त्यातून आजचा विषय यंत्राचा आणि मी पडलो कला शाखेचा पदवीधर. तेव्हा यंत्राच्या पोटात कोणती तार कोठे जोडली आहे, हे मी आपणांस सांगू शकणार नाही. परंतु लिहिणे, लिहिलेले तपासणे आणि त्याखाली सही करणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. आजचा प्रश्न मुळात त्या सहीचाच आहे, अशी माझी समजूत आहे, आणि तेवढीच एक गोष्ट आपल्यापुढे मांडण्याचा माझा मानस आहे.

यंत्र काय करते?

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ नावाचे साधन जगापुढे आले. त्यानंतर त्याच जातीची आणखीही साधने निघाली. प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळावे, विषय द्यावा आणि निबंध मिळावा, इंग्रजी उतारा द्यावा आणि त्याचे मराठी अथवा हिंदी मिळावे, अशी ही सोय आहे. आज ती मोबाईलवरून खेड्यापाड्यांतील तरुणांच्या हाती पोहोचली आहे. हिला ‘जनरेटिव्ह एआय’, म्हणजे नवा मजकूर निर्माण करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, असे म्हणतात.

हे यंत्र म्हणजे ग्रंथालय नव्हे. ग्रंथालयात आपण पुस्तक मागतो तेव्हा कोणीतरी लिहिलेले, छापलेले आणि कपाटात ठेवलेले पुस्तक आपल्या हाती येते. या यंत्राची रीत निराळी आहे. माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर त्याला आधी दाखविलेला असतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित ते त्या मजकुरावरून शिकते आणि आपण प्रश्न विचारला की त्या गणिताच्या आधारे एकेक शब्द जोडीत जाते. त्यामुळे त्याचे वाक्य घडीव असते, भाषा सफाईदार असते. परंतु वाक्य घडीव असणे ही एक गोष्ट आणि ते खरे असणे ही दुसरी गोष्ट. जेथे त्याला पुष्कळ वाचावयास मिळालेले आहे, तेथे ते बहुधा बरोबर सांगते. जेथे थोडेच मिळाले आहे, तेथेही ते गप्प बसेलच असे नाही. तितक्याच आत्मविश्वासाने काहीतरी रचून सांगण्याची त्याची प्रवृत्ती असते. काही साधने आता इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देतात आणि आधारही दाखवितात. तरी तो आधार उघडून पाहण्याचे काम आपल्यावरच राहते.

आता विचार करा. आपल्या भागाविषयी त्याला कितीसे वाचावयास मिळाले असेल? इंग्रजी विकिपीडियावर सुमारे ७० लाख लेख आहेत. मराठी विकिपीडियावर सुमारे १ लाख. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, ही अभिमानाची गोष्ट खरी; परंतु यंत्राच्या वाचनात मराठीचा वाटा लहान आहे, आणि त्या लहान वाट्यात पांढुर्णा-सौंसरचा वाटा किती असेल, हे सांगावयास नकोच.

माझ्याच हातून घडलेली चूक

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी स्वतःची एक फजिती सांगतो. एकदा वेळ थोडा होता आणि पांढुर्ण्याविषयी एक परिचयपर टिपण तातडीने हवे होते. मी असेच एक साधन उघडले आणि टिपण मागितले. अर्ध्या मिनिटात पानभर मजकूर तयार झाला. भाषा इतकी शुद्ध की मीच मनात म्हटले, आता आपली नोकरी काही खरी नाही! मी तो मजकूर कार्यालयातील एका ज्येष्ठ लिपिकाकडे टंकलेखनासाठी दिला. ते याच भागातले. त्यांनी चष्मा सावरला, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, “साहेब, पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे बैल असतात. गोटे करीला.”

यंत्राने गोटमार पोळ्याच्या दिवशी भरविली होती. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला होते, हे येथले शाळकरी पोरही सांगेल. पुढे पाहतो तो पांढुर्णा हे ‘छिंदवाडा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव’ म्हणून नमूद केलेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा होण्यापूर्वीचे लिखाण साहजिकच अधिक, आणि यंत्र त्याच्यावर पोसलेले. तिसरी चूक सर्वांत गमतीची. गोटमारीच्या उगमाविषयी पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची तरुणी यांची जी दंतकथा निरनिराळ्या प्रकारे सांगितली जाते, ती यंत्राने इतिहास म्हणून दिली होती, आणि तिला इसवी सनाचा एक आकडाही चिकटविला होता!

त्या टिपणाखाली सही माझी होणार होती. ते तसेच छापले गेले असते तर लोकांनी यंत्राला विचारले नसते, मला विचारले असते, आणि ते योग्यच झाले असते. त्या लिपिकांचे मी आभार मानले. त्या दिवसापासून यंत्राने दिलेली एकही ओळ पडताळल्यावाचून पुढे पाठवावयाची नाही, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

न्यायालयांनी दिलेला धडा

माझी चूक टिपणापुरती होती. परंतु अशा चुका न्यायालयापर्यंत गेल्याची उदाहरणे आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क येथील एका खटल्यात वकिलांनी आपल्या बाजूने पूर्वीच्या निवाड्यांचे दाखले दिले. चौकशीअंती असे आढळले की त्यांतील सहा निवाडे कोणत्याही न्यायालयाने कधी दिलेलेच नव्हते; यंत्राने ते रचले होते. विशेष हे की, हे निवाडे खरे आहेत काय, असे त्या वकिलाने यंत्रालाच विचारले होते, आणि यंत्राने ‘होय’ असे उत्तर दिले होते. चोराच्या साक्षीला चोरच! न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला, तो यंत्राला नव्हे, वकिलांना.

हे परदेशातले झाले म्हणून आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर आकारणीचा एक आदेश रद्द करून प्रकरण पुनर्विचारासाठी परत पाठविले. त्या आदेशात आधार म्हणून घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नसल्याचे आढळून आले होते. यंत्रणेने पुढे केलेले निष्कर्ष अधिकाऱ्यांनी डोळे झाकून स्वीकारू नयेत, ते पडताळूनच वापरावेत, अशी समज न्यायालयाने दिली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराविषयी धोरण जाहीर केले. निर्णय देण्याचे काम यंत्रावर सोपवू नये, हे त्यातील मुख्य सूत्र आहे. माझ्या शासकीय सहकाऱ्यांना मी नम्रपणे सांगू इच्छितो की हा धडा आपल्या टेबलावरील प्रत्येक टिपणीला लागू आहे.

विद्यार्थ्यांची खरी अडचण

विद्यार्थिमित्रहो, आता तुमच्याकडे वळतो. या साधनांना हातच लावू नका, असे मी सांगणार नाही. सांगितले तरी तुम्ही ऐकणार नाही आणि ते न्याय्यही होणार नाही. आपल्या भागाची स्थिती लक्षात घ्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर तिकडे गेले आणि हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आपल्या घरातली भाषा मराठी, कचेरीतली आणि वर्गातली हिंदी, आणि वरच्या वर्गांतील पुष्कळशी पुस्तके इंग्रजी. तीन भाषांच्या तीन उंबरठ्यांवर आपल्या मुलांना ठेच लागते. बुद्धी कमी म्हणून नव्हे, भाषा आडवी येते म्हणून किती मुले मागे पडली, हे प्राध्यापक मंडळी जाणतात.

अशा मुलाला इंग्रजी उताऱ्याचा अर्थ रात्री अकरा वाजता त्याच्या भाषेत समजावून सांगणारे साधन मिळाले, तर ते वरदानच आहे. न समजलेला सिद्धांत पाच वेळा विचारावा, स्वतः लिहिलेल्या इंग्रजी अर्जातील चुका दाखवून घ्याव्यात, परीक्षेपूर्वी आपल्याच टिपणांवरून प्रश्न काढून घ्यावेत, हे सारे उपयोग रास्त आहेत. त्यांत शिकतो तो विद्यार्थीच. यंत्र हाताशी असते इतकेच.

परंतु ‘निबंध लिहून दे’ असे सांगून आलेला मजकूर आपल्या नावाने दिला, तर शिकले कोण? आखाड्यात दुसऱ्याने जोर काढावेत आणि दंड आपले भरावेत, असे कधी झाले आहे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यास आळा घालण्यासाठी विनियम केले. प्रबंधातील १० टक्क्यांहून अधिक मजकूर दुसरीकडील लिखाणाशी जुळला तर प्रमाणानुसार दंडाची त्यात तरतूद आहे आणि ६० टक्क्यांपलीकडे नोंदणीच रद्द होऊ शकते. यंत्राचा मजकूर कोणाशी शब्दशः जुळेलच असे नाही, म्हणून तो या तपासणीतून सुटेलही. पण तपासणीतून सुटणे म्हणजे प्रामाणिक असणे नव्हे.

पंचवीस शेतकऱ्यांचा अहवाल

एक उदाहरण देतो. ते काल्पनिक आहे, परंतु अशक्य नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात परियोजना कार्याला स्थान आहे. समजा, एका विद्यार्थ्याला सौंसर तालुक्यातील २५ संत्रा उत्पादकांची पाहणी करून अहवाल लिहावयाचा आहे. ऊन कडक आहे, गाडी नाही, मुदत दोन दिवसांवर आली आहे. तो यंत्राला सांगतो आणि यंत्र २५ शेतकऱ्यांचा तक्ता हजर करते. नावे आहेत, एकर आहेत, उत्पन्न आहे, अडचणी आहेत, टक्केवारी आहे. फक्त शेतकरी नाहीत.

त्या अहवालास गुण मिळतील. परंतु तो विद्यार्थी बागेत गेला असता तर त्याला काय दिसले असते? आंबिया बहार धरावा की मृग बहार, हे शेतकरी विहिरीचे पाणी पाहून कसे ठरवितो. झाडांना ताण किती दिवस देतो. फळगळ झाली तर वर्षाचे गणित कसे कोसळते. डिंक्या लागलेले झाड वाचविण्यासाठी काय काय करतो. हाती पैसा नसला की झाडावरचा माल उभाच व्यापाऱ्याला का देऊन टाकतो. यांपैकी पुष्कळसे कोठे लिहिलेले नाही; ते शेतकऱ्याच्या तोंडी आहे. त्या विद्यार्थ्याने ते लिहून ठेवले असते, तर आपल्या भागाच्या ज्ञानात खरोखर भर पडली असती.

आणि खोट्या अहवालाचे पुढे काय होते, तेही पाहा. तो महाविद्यालयाच्या संग्रहात जातो, तेथून इंटरनेटवर जातो. उद्या एखादा अभ्यासक किंवा अधिकारी त्यातील आकडा उचलतो. परवा दुसरे यंत्र तोच मजकूर वाचते आणि तिसऱ्या विद्यार्थ्याला खरे म्हणून सांगते. जी माणसे कधी नव्हतीच त्यांच्या अडचणींवर योजना आखल्या जातील, आणि जी माणसे बागेत उभी आहेत त्यांची अडचण कागदावर येणारच नाही. म्हणून मी म्हणतो, मित्रहो, की हा प्रश्न केवळ परीक्षेतील नकलेचा नाही. आधीच ज्या मुलखाविषयी थोडे लिहिले गेले आहे, त्याच्याविषयी खोटे लिहिणे हा आपल्याच गावावर अन्याय आहे.

शिक्षकांना विनंती

प्राध्यापक मित्रांना मी काय सांगावे? तरीही दोन गोष्टी विनंतीदाखल मांडतो. पहिली अशी की, यंत्राचा मजकूर ओळखणाऱ्या यंत्रावर विसंबून कोणत्याही विद्यार्थ्याला दोषी ठरवू नये. चॅटजीपीटी काढणाऱ्या कंपनीनेच असे एक ओळख-साधन २०२३ च्या आरंभी आणले आणि अचूकता कमी पडल्यामुळे त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासली. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशांनी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरविले. साधी, मोजक्या शब्दांची इंग्रजी लिहिणारा प्रामाणिक मुलगाच त्यात सापडतो. आपली मुले नेमकी अशीच इंग्रजी लिहितात.

दुसरी गोष्ट अशी की, विद्यार्थ्याला समोर बसवून चार प्रश्न विचारण्यासारखी दुसरी तपासणी नाही. “तुम्ही कोणत्या गावी गेलात? विहिरीला पाणी किती हात होते? शेतकरी काय म्हणाला?” ज्याने काम केले आहे तो भरभरून बोलेल. त्याचप्रमाणे कोणत्या कामात यंत्राची मदत चालेल आणि कोणत्या कामात चालणार नाही, हे सत्राच्या आरंभीच लेखी सांगावे. नियम आधी न सांगता शिक्षा नंतर करणे बरे नव्हे. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षणातील या साधनांविषयी मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. वर्गातील वापरासाठी किमान १३ वर्षांची वयोमर्यादा तीत सुचविली आहे. शाळांतील शिक्षकांनीही तिची नोंद घ्यावी.

ग्रामस्थांसाठी

ग्रामस्थ मंडळींना वाटेल की हा सारा कॉलेजातला कारभार, आपला काय संबंध? संबंध आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला आपण घरी विचारता, “बाबू, संत्र्याची फळे गळताहेत, तुझ्या मोबाईलला विचार कोणते औषध मारू.” मोबाईल औषधाचे नाव सांगेल, पंपाला किती घालावे तेही सांगेल. ते प्रमाण चुकले तर बाग जाईल आणि फवारणी करणाऱ्याच्या जिवावरही बेतेल. यंत्राने सांगितलेले औषध कृषी विज्ञान केंद्र, उद्यान विभाग किंवा नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था यांच्या सल्ल्याशी ताडून पाहिल्यावाचून एक थेंबही फवारू नये.

दुसरे असे की, आधार क्रमांक, बँकेचे खाते, सात-बारा किंवा खसऱ्याचा कागद, दवाखान्याचा कागद, यांची छायाचित्रे या साधनांत टाकू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. परंतु आपल्या हाताने बाहेर दिलेली माहिती परत गोळा करणे कठीण असते. महाविद्यालयांनी व कार्यालयांनीही विद्यार्थ्यांची आणि अर्जदारांची माहिती अशी बाहेर जाणार नाही, याची दक्षता घ्यावी.

चार नियम

शेवटी, लक्षात ठेवावयास सोपे असे चार नियम सांगतो आणि थांबतो.

पहिला, आधी स्वतः विचार करा, मग यंत्राला विचारा. कोऱ्या मनाने विचारणाऱ्याला चूक ओळखता येत नाही.

दुसरा, नाव, तारीख, आकडा आणि आधार या चार गोष्टी मूळ ठिकाणी पाहिल्याशिवाय लिहू नका. आणि यंत्राच्या उत्तराची साक्ष यंत्राकडूनच काढू नका.

तिसरा, मदत घेतली असेल तर तसे लिहा. ‘या उताऱ्याच्या अनुवादासाठी अमुक साधनाचे साहाय्य घेतले, मूळ मजकुराशी मी तो ताडून पाहिला आहे’, असे एक वाक्य लिहिण्यात कमीपणा नाही. लपविण्यात आहे.

चौथा, जे आपण पाहिले नाही ते पाहिले म्हणून, आणि जे कोणी बोलले नाही ते बोलले म्हणून, कधीही लिहू नका.

मित्रहो, जामसांवळीच्या यात्रेतील गर्दी, कापसाच्या हंगामातील मजुरी, मँगनीजच्या खाणींवर राबलेल्या माणसांच्या आठवणी, आपल्या आजीच्या तोंडची मराठी आणि तीत मिसळलेली हिंदी, यांविषयी यंत्राला सांगणारे कोणी असेल तर ते तुम्हीच आहात. तुम्ही हिंडून, विचारून, पडताळून लिहाल, तर उद्या यंत्रालाही तुमच्याकडून शिकावे लागेल. तुमच्या कागदाखाली तुमचे नाव असेल. त्या नावावर गावाने विश्वास ठेवावा, असे लिहा.



जय हिंद!